तिळगुळाचे शुभेच्छापत्र

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त शाळेच्या प्रांगणात भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)

पालकहो, आणि ज्यांना ‘माजी’ म्हणताना माझी जीभ अजूनही अडखळते असे आमचे विद्यार्थी,

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘शुभेच्छापत्रे घरी कशी करावीत’ असा छापला आहे. हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने बोलावे असा हा विषय आहे काय, अशी शंका आमच्या समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी बोलून दाखविली. बडोद्यासारख्या शहरात मराठी माध्यमाचे भवितव्य काय, यावर बोला, असे त्यांनी सुचविले. मी त्यांना म्हटले, मी त्याविषयीच बोलणार आहे. फक्त कात्री आणि खळीची वाटी जवळ ठेवून बोलेन.

चित्रकलेच्या वर्गात मांडलेले प्रदर्शन आपण येताना पाहिले असेल. शाळेत असताना केलेली शुभेच्छापत्रे कोणाच्या घरी शिल्लक असल्यास ती पाठवावीत, असे आवाहन आम्ही दिवाळीपूर्वी माजी विद्यार्थ्यांना केले होते. दहा-पंधरा येतील, असा आमचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती बुटांच्या खोक्यांतून आली, साडीच्या पिशव्यांतून आली, एक तर पाककृतींच्या वहीत अनारशांच्या पानावर चिकटवलेले आले. भिंती पुरेनात, म्हणून वर्गात दोऱ्या बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी ती अडकवावी लागली. ती लावताना माझ्या लक्षात आले, की पाठविणारे आमचे विद्यार्थी असले तरी जपून ठेवणारे बहुतेक दुसरेच कोणी होते. आई, आजी, मामी, एका ठिकाणी तर जुन्या घरमालकीणबाई.

त्यातली निम्म्याहून अधिक शुभेच्छापत्रे संक्रांतीची आहेत. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचे आश्चर्य वाटले, बडोदेकरांना वाटणार नाही. आपल्याकडे १४ जानेवारीला एकाच घरात दोन सण चालतात. वर अगाशीवर उत्तरायण आणि खाली स्वयंपाकघरात संक्रांत. मुलांच्या एका बोटाला मांज्याने कापलेले असते आणि दुसऱ्याला पाकाचा चिकटपणा लागलेला असतो. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण होते आणि मग दोन दिवस रस्त्यांवर, तारांवर, झाडांवर फाटके पतंग लोंबत राहतात. आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांची जुनी रीत अशी, की ते पतंग मुलांकडून गोळा करवून घ्यायचे, कामट्या काढून टाकायच्या आणि कागद ट्रंकेत भरून ठेवायचा. पुढच्या डिसेंबरात ट्रंक उघडली, की त्यातून संक्रांतीची शुभेच्छापत्रे निघत. गेल्या वर्षी कापला गेलेला कोणाचा तरी पतंग या वर्षी मिरजेला किंवा ग्वाल्हेरला आजीकडे जाई. पाकिटात चार दाणे हलव्याचे घालण्याची मराठी घरांतली जुनी पद्धत होतीच.

प्रदर्शनातल्या तिसऱ्या दोरीवर असेच एक पत्र आहे. निळ्या कागदाचा पतंग, त्याला काळ्या लोकरीची शेपटी. ते पाकिटातून काढताच मी अक्षर ओळखले. मुलाचे नव्हे, माझे. त्यावर लाल शाई आहे.

मी तेव्हा या शाळेत नवी होते आणि तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. त्या मुलाने आजोबांना लिहिले होते, “आजोबा, तीळगुळ ध्या गोड बोला. गूळ खोकल्याला चांगला असतो. रात्री खोकू नका म्हणजे आजीला झोप लागेल.” मी ‘ध्या’भोवती लाल वर्तुळ काढले. ‘तीळगुळ’चे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. शेवटच्या दोन वाक्यांखाली रेघ मारून बाजूला लिहिले, ‘अनावश्यक’. मग फळ्यावर एक शुद्ध मजकूर लिहून दिला आणि सर्व वर्गाने तो उतरवून घेतला. “तिळगूळ घ्या, गोड बोला. आपणांस मकरसंक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा.” दुसरे, निर्दोष पत्र आजोबांना पोस्टाने गेले. पहिले दप्तरात राहिले आणि तिथून आईच्या हाती लागले. आजोबांनी ते कधी पाहिले नाही.

गेल्या महिन्यात त्या माउली ते घेऊन आल्या. “बाई, लावा, पण नाव घालू नका,” एवढेच त्या म्हणाल्या. माझ्या लाल शाईविषयी त्या काही बोलल्या नाहीत. मीही त्या दिवशी काही बोलू शकले नाही. आज बोलते आहे. ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक शिकविणे माझे काम होते, आजही आहे, आणि त्यात मी सवलत देत नाही, हे इथे बसलेले अनेक जण सांगतील. पण ते काम वहीत करायचे होते. ते पत्र माझ्यासाठी लिहिलेले नव्हते.

फळ्यावर जो मजकूर मी लिहून दिला त्याचे कूळ पुढे वाचनात सापडले. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी नाताळसाठी पहिले व्यापारी शुभेच्छापत्र छापवून घेतले. १८४० साली तिथे एका पेनीत कोठेही पत्र जाण्याची सोय सुरू झाली होती आणि ती आणण्यात स्वतः कोल यांचाही हात होता. पत्रे स्वस्त झाली, त्यांचा ढीग वाढला, आणि प्रत्येकाला निराळे उत्तर लिहायला या कामाच्या माणसाला सवड होईना. तेव्हा त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, खाली शुभेच्छा छापल्या आणि घेणाऱ्याचे व देणाऱ्याचे नाव लिहिण्यापुरती जागा कोरी ठेवली. यात मला त्यांचा दोष वाटत नाही. ज्याला शेकडो लोकांना उत्तरे द्यायची आहेत त्याने दुसरे काय करावे? पण आठ वर्षांच्या मुलाला एकच आजोबा असतात, फार तर दोन. त्याला सवड भरपूर असते. कोल यांची अडचण त्याची नसते. ती मी त्याच्यावर लादली होती.

आपल्याकडे नेमके उलटे उदाहरण आहे, आणि त्याचा आपल्या गावाशी संबंध आहे. कीर्तिमंदिराच्या आतल्या भिंतींवरची गंगावतरणाची, मीराबाईची चित्रे आपण सर्वांनी शाळेच्या सहलीत पाहिली आहेत. ती रंगविणारे नंदलाल बोस शांतिनिकेतनात कलाभवनाचे प्रमुख होते. या थोर चित्रकाराला साध्या पोस्टकार्डावर चित्र काढून ते विद्यार्थ्यांना, स्नेह्यांना, घरच्या मुलांना पाठविण्याची सवय होती. शाईचे चार फटकारे, एखादी बकरी, एखादे ताडाचे झाड, बाजूला दोन ओळी. एवढ्या मोठ्या भिंती रंगविणाऱ्या हाताला तळहाताएवढा कागद लहान वाटला नाही. १९३८ साली आपल्याच गुजरातेत हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा त्यांनी सजावटीसाठी केलेली चित्रेही हातकागदावर आणि मातीच्या रंगांत होती. भारी साहित्य हवे, मग करू, असे म्हणणाऱ्या पालकांना मी नेहमी ही दोन उदाहरणे देते.

तर आता साहित्य. कागदासाठी बाजारात जाण्याची गरज नाही. प्रत्येक घरात गेल्या मोसमातल्या लग्नपत्रिका असतात. त्यांची मागची कोरी बाजू उत्तम. कोरा जाड कागदच घ्यायचा असेल तर २०० जीएसएमचा घ्यावा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, आणि ए-फोर आकाराचा कागद हा चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणून तो पूर्ण ताव साडेबारा ग्रॅम भरतो. सातवीच्या मुलांकडून हे गणित करून घ्यावे. पुस्तकातल्या गणितापेक्षा ते चटकन सोडवतात, कारण पुढे त्यावर पैसे अवलंबून असतात. साध्या पत्राला पाच रुपयांचे तिकीट वीस ग्रॅमपर्यंत चालते. पूर्ण तावाचे कार्ड आणि त्याला बसणारे मोठे पाकीट मिळूनच वीस ग्रॅमच्या काठावर येतात, हलव्याला जागा राहत नाही. अर्ध्या तावाचे, म्हणजे सव्वासहा ग्रॅमचे कार्ड केले तर पाकीट, हलवा, सगळे सुखाने जाते. हे शहाणपण आम्हांला उशिरा आले. एका वर्षी मुलांची बरीच पाकिटे नॉटपेड झाली आणि गावोगावच्या आजी-आजोबांनी पोस्टमनला कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट भरून ती सोडवून घेतली. एका आजोबांनी कौतुकाने पावतीच उलट टपाली पाठवली. आम्ही ती वर्गात लावली.

घडी घालण्यापूर्वी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढावी. मग घडी सरळ पडते आणि कागद तडकत नाही. कागद एका दिशेने सहज वाकतो, दुसऱ्या दिशेने कुरकुरतो. सहज वाकतो त्या दिशेने घडी घालावी. चिकटविण्यासाठी घरची खळ. एक चमचा मैदा, अर्धी वाटी पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायची आणि त्याच दिवशी संपवायची. आमच्या लहानपणी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत. तो विषारी आहे. मुलांच्या हाती देऊ नका. पतंगाच्या कागदाचा रंग ओला झाला की सुटतो, म्हणून खळ पतंगाला लावू नये, कार्डाला बोटाने अगदी पातळ लावावी आणि वर कोरडा कागद ठेवून दाबावे. रंग थोडा सुटतोच. सुटू द्यावा.

ठसे काढायला भेंडी सर्वांत सोपी. आडवी कापून तिचा चिकटपणा वर्तमानपत्रावर पुसून घ्यायचा आणि पोस्टर रंग दाट ठेवायचा, पातळ केला की फूल न उमटता डबके होते. पिंपळपानाची जाळी करायची तर पान तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवावे, मधून मधून पाणी बदलावे आणि गर कुजला की जुन्या मऊ ब्रशने अलगद सोडवावा. याला दुर्गंधी येते, म्हणून भांडे स्वयंपाकघरात ठेवू नये. प्रदर्शनात जे सोनेरी पिंपळपान आहे, त्यासाठी एका आजींनी म्हणे महिनाभर नाकाला पदर लावून न्हाणीघर वापरले.

हलवा बटर पेपरच्या चपट्या पुडीत घालावा, नाहीतर पाकिटाबरोबर मुंग्याही प्रवास करतात. पुडी पाकिटाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात यावी, कारण तिकीट उजवीकडे वर असते आणि त्यावर पोस्टाचा शिक्का जोरात बसतो. तिळगुळाची वडी मात्र पाठवू नये. ती पोचते, पण कूट होऊन.

आता जे सांगणार आहे ते पालकांना कदाचित रुचणार नाही. काही वर्षे आम्ही शुभेच्छापत्रांची स्पर्धा घेत होतो. बक्षीस मिळे ते लेस, आरसे, मणी लावलेल्या सुबक पत्राला. एका वर्षी पहिल्या क्रमांकाच्या मुलीला मी व्यासपीठावर विचारले, “हे कसे केलेस, सर्वांना सांग पाहू.” ती निरागसपणे म्हणाली, “बाई, आईने त्या दिवशी ऑफिसातून रजा घेतली होती.” सभागृह हसले. आईही हसल्या, पण त्यांचा चेहरा उतरला, आणि मला माझी लाज वाटली. त्या माउलीचे काय चुकले होते? स्पर्धा आम्ही मांडली होती, कसोटी सुबकपणाची आम्ही ठेवली होती. पुढच्या वर्षापासून स्पर्धा बंद केली. आता एकच अट आहे. पत्र पोस्टात पडले पाहिजे.

आईवडिलांनी खळ शिजवावी, धारदार पात्याने कापायचे असेल ते कापून द्यावे, वजन करावे. चित्र आणि मजकूर यांना हात लावू नये. वाकडे कापले गेले तर वाकडे जाऊ द्यावे. मला ठाऊक आहे, हे कठीण असते. मूल शेजारी बसून ‘आजी’तल्या ‘ज’ची काठी विसरते आणि आपले बोट आपोआप पुढे होते. माझेही होते. मी हल्ली हात मागे बांधून वर्गात फिरते, त्याचे कारण शिस्त नव्हे.

मजकुराविषयी थोडे सविस्तर बोलते, कारण समितीतल्या त्या ज्येष्ठ सदस्यांना मी शब्द दिला आहे. मी आले तेव्हा तिसरीच्या दोन तुकड्या होत्या, आज एक आहे. या एका तुकडीतली मुले घरी मराठी बोलतात, रस्त्यावर गुजराती, मोबाईलवर हिंदी आणि थोडी इंग्रजी. त्यात वाईट काही नाही. पण ती मराठी लिहितात कोणासाठी? माझ्यासाठी, म्हणजे गुणांसाठी. तपासणारा नसलेला, केवळ वाचणारा असा मराठी वाचक त्यांना वर्षातून एकदाच भेटतो, तो या पाकिटाच्या दुसऱ्या टोकाला.

म्हणून मूल “काय लिहू?” असे विचारते तेव्हा त्याला वाक्य सांगू नका. “आजी आत्ता समोर असती तर तिला काय सांगितले असतेस?” असे विचारा आणि जे तोंडातून येईल तेच लिहू द्या. गेल्या वर्षीची दोन वाक्ये मला पाठ आहेत. “आजी, आमच्या अगाशीवर नवी टाकी बसवली आहे म्हणून पतंग अडकतो.” आणि दुसरे, “काका, तुम्ही दिलेली सायकल मला आता लहान होते, ती कोणाला देऊ?” आमच्या एका शिक्षिकांनी मला विचारले, ‘अगाशी’ हा गुजराती शब्द आहे, ‘गच्ची’ करायचे का? मी नको म्हटले. पुण्याच्या आजीला तो शब्द अडला तर ती फोन करून विचारील. बडोद्याच्या तीन-चार पिढ्या मराठी बोलत अगाशीवरच गेल्या आहेत.

यातून एक गोष्ट अशी घडली, जिची मी कल्पना केली नव्हती. उत्तरे येऊ लागली. सर्वांची नाहीत, पुष्कळांचे उत्तर फोनवरच येते आणि तेही ठीक. पण काही आजी-आजोबा पोस्टकार्ड लिहितात, आणि ते मुलांना वाचता येत नाही. आजीचा ‘श’ पुस्तकातल्यासारखा नसतो, आजोबा शिरोरेघ देत नाहीत, शब्द एकमेकांना चिकटतात. मधल्या सुट्टीत मुले ती कार्डे घेऊन माझ्या खोलीशी येतात. मी वाचून दाखवीत नाही, पहिला शब्द तेवढा लावून देते. मग तिघे-चौघे दाराशी उभे राहून उरलेले आजोबा उलगडतात. ज्या मुलाला क्रमिक पुस्तकातला धडा वाचताना जांभया येतात, तो ‘तुझा बाप तुझ्याएवढा असताना’ या शब्दांपुढचा अस्पष्ट शब्द लागेपर्यंत घंटा झाली तरी हलत नाही.

एक राहिले. पत्ता मुलानेच लिहायचा आहे, आणि पिन कोडासह. ही सहा अंकांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. पहिला अंक विभागाचा. आपला तीन, राजस्थान-गुजरातचा. महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेशाचा चार. आपल्या मुलांची बहुतेक पाकिटे तीनमधून निघून चारमध्ये जातात. एका पाकिटावर गेल्या वर्षी शहर, गल्ली सारे बरोबर होते, फक्त पिन कोड आमच्या शाळेचा होता. ते रावपुऱ्याच्या पोस्टातून फिरून शाळेतच परत आले. तेव्हा अंक तेवढे तपासून द्या. ती तपासणी मला मान्य आहे.

बाहेर मंडपात टेबले मांडली आहेत. गेल्या उत्तरायणाचे पतंग ट्रंकेतून काढले आहेत, वजनाचा काटा प्रयोगशाळेतून आणला आहे. माजी विद्यार्थ्यांनी लाजू नये, मोठ्यांसाठी वेगळे टेबल आहे. ज्या विद्यार्थ्याचे पत्र तिसऱ्या दोरीवर आहे तो आज इथे आला आहे, आणि त्याच्या मुलीला मिरजेचा पत्ता ठाऊक आहे, असे मला आत्ताच कळले. पाकिटे ५ जानेवारीच्या टपालात पडली पाहिजेत. खळ सकाळी शिजवली आहे, उद्यापर्यंत ती टिकणार नाही. चला.